ओल तेरा

मन्मथअप्पा उदगीरच्या अडतीत
पोत्यात हात घालायचे कोपरापर्यंत
आणि डोळे मिटून सांगायचे : ओल तेरा.
यंत्र नंतर लागायचं. तेही तेराच म्हणायचं.

कसं कळतं, मी विचारलं.
"चाळीस वर्सं चुकलो की. मग कळालं."

आता सव्वानऊला
दुकानाचं शटर अर्धं वर,
मोबाईलवर लाल-हिरव्या काड्या,
आणि पोटातून कुणीतरी म्हणतं : घे.

मी लगेच घेत नाही.
वहीत उतरवतो आधी
तारीख, भाव, पोटातलं वाक्य.
मागची पानं चाळली तर
अकरा वेळा ती भीती निघाली,
सहा वेळा शेजारच्या संग्रामचा नफा,
एकदा नुसतं पित्त.

खरं बोलणारं
दोनदाच आलं असेल वर्षात,
घाई न करता,
वाळल्या सोयाबीनचा दाणा
दाताखाली कट् व्हावा तसं.
मला वाटतं दोनदा.
दुसऱ्या वेळेचं अक्षर नीट लागत नाही.

आज भाव पडायलाय.
सगळे विकायलेत, संग्रामचा तिसरा फोन.
बोट बटणावर आहे माझं
आणि दुसरा हात, रिकाम्या दुकानात,
कोपरापर्यंत
कशात तरी आत.