नंतर आठवण करा

उजव्या कोपऱ्यात सकाळपासून पाटी:
नवी आवृत्ती आली आहे. आता, की रात्री?
मी म्हणते, नंतर.
एक ते चार तरी विचारू नये,
नारायण पेठेत एवढं कळायला हवं.

हिंजवडीहून भाचा: "मावशी, फुकट आहे, करून टाक."

माझा फाँट दोन हजार तीनचा.
त्याचं कुलूप संगणकाच्या पाठीत खोचलेलं,
बोटाच्या पेराएवढं, हिरवं.
नवी आवृत्ती त्याला ओळख देणार नाही म्हणे.
मग 'तळमळ' असं लिहिलेलं उघडेन
आणि दिसेल एक डॉलर, दोन तुटके कंस.

लग्नपत्रिका जाऊ देत,
त्या जोडप्यांची मुलं आता दहावीला असतील.
पण खिरे सरांचा प्रबंध आहे,
मुठेकाठच्या परटांच्या बोलीवर, चारशे बारा पानं.
शेवटच्या दुरुस्त्या आणून देतो म्हणाले.
चौदाशे रुपये बाकी.
सहा वर्षं झाली. फोन लागतो,
उचलत नाही कुणी.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतली मी नाही.
खिळे जुळवणारे तुळपुळे काका
माझ्यामुळे घरी बसले,
तेव्हा मीच होते नवी आवृत्ती.
जाताना त्यांनी चिमटा माझ्या टेबलावर ठेवला.
मी त्याने स्टेपलच्या पिना काढते.

आज एक रीम फोडलं, स्वखर्चाने.
प्रिंटर तापलाय, घसा बसल्यासारखा ओरडतो.
पाटी पुन्हा वर.

थांब गं बाई,
तीनशे सातवं पान चालू आहे.
कपडा दगडावर आपटण्याच्या अकरा तऱ्हा,
प्रत्येकीला वेगळा शब्द.