तापकीर गल्लीत, समुद्रासाठी

पार्सल दापोलीच्या एस.टी.नं स्वारगेटला आलं,
फाटक्या जाळीत गुंडाळलेलं.
आधी वास आला, मग वस्तू.
आत मुठीत मावेल एवढा वायरलेस सेट
आणि वहीचं पान:
"तिघं असतो होडीवर. सेट ऐकायला चालतो,
बोलायला घेतला की मरतो. काय ते बघा.
हरेश्वर पावसे, हर्णै."

ऐकायला चालतो, बोलायला मरतो.
अशी माणसं ओळखीची आहेत माझ्या.
एक तर घरातच होतं.

स्क्रू काढले. स्प्रिंगांवर हिरवा गंज,
तो जुन्या टूथब्रशनं, स्पिरिटनं घासला.
झाकणाच्या खोबणीत पांढरं मीठ,
त्यातला एक कण जिभेला लावला
(ताई, काय खाताय, फिरोज ओरडला).
पुणे स्टेशनच्या पाटीवर लिहिलंय,
समुद्रसपाटीपासून पाचशे साठ मीटर.
एवढा घाट चढून आलं होतं ते, न सांडता.

सेल चार. मीटर लावला की व्होल्ट बरोबर दाखवतात,
भार टाकला की कोसळतात.
ऐकायला वीज चिमूटभर लागते,
बोलायला ओंजळ.
नवे बसवले. निकेलची पट्टी, वेल्डिंगची टकटक,
कडेचं रबर बदललं,
बादलीत बुडवून बुडबुड्यांची वाट पाहिली.
एकही आला नाही.

मग चाचणी. एरियल काढून तिथं डमी लोड लावायचा,
म्हणजे हाक बाहेर जात नाही,
आतल्या आत तिची ऊब होते.
फिरोज चहा आणायला गेलेला.
समोरच्या दुकानात कुणीतरी स्पीकर वाजवून बघत होतं.
बटण दाबून मी एक दोन तीन म्हणाले,
आणि मग, का कोण जाणे,
सोळा वर्षांत न म्हटलेलं एक वाक्य.
पाच वॅट. काटा जागचा हलला नाही.
हात लावून पाहिला,
लोड कोमट झाला होता.

त्याच्याच पानामागं लिहिलं:
हरेश्वरभाऊ, रोजचं बोलणं एक वॅटवर,
पाच फक्त जिवावर बेतलं तर.
तेव्हा सोळा नंबर. तीनदा मेडे, होडीचं नाव,
कुठं आहात, किती जण.
मग बटण सोडा. सोडल्याशिवाय
पलीकडचा ऐकू येत नाही, हे लोक विसरतात.
सेट उभा धरा, तुम्हीही उभे राहा,
नजर जाते तिथवरच साधारण आवाज जातो.
लाल डबीत सुटे सेल ठेवलेत,
टॉर्चला वापरायचे नाहीत,
पोरांच्या खेळण्याला तर नाहीच.
पैसे सवडीनं.

रात्रीच्या गाडीनं सेट गेला.
काढलेले चार सेल फेकायच्या डब्यात टाकताना
हात थांबला. एक छोटा एलईडी जोडून पाहिला त्यांना.
हाक पेलत नव्हती, हे पेलतंय.
सोमवारपासून जळतोय,
सोल्डरच्या रिळाशेजारी.
आज शुक्रवार.