सत्तेचाळीसावं पान

रविवारी मोन्तेविदेओच्या फुटपाथवर मी दोन खोकी मांडतो.
एकात पहिली आवृत्ती,
दुसऱ्यात बाकीचं जग.

गिऱ्हाईक वाचत नाही.
थेट सत्तेचाळीसावं पान उघडतं, भिंग काढतं
आणि 'नीदो' शोधतं. नीदो, म्हणजे घरटं.
पुस्तक दलदलीतल्या पाखरांचं, बोटभर जाड.
पाखरांबद्दल आजवर एकानेही विचारलेलं नाही.

पहिल्या दोनशे बारा प्रतींत
त्या शब्दातला एने उलटा बसलाय.
उलटा एने म्हणजे ऊ.
मग यंत्र थांबवलं, खिळा सरळ केला,
आणि जुळारी एलादिओ बेन्तान्कोर याचा
तीन दिवसांचा पगार कापला.
आज त्या एका खिळ्यापायी लोक
त्याच्या तीन वर्षांचा पगार मोजतात.
दुसरी आवृत्ती बिनचूक, कव्हरही देखणं.
ती मी कॉफीच्या भावात देतो. तरी उरते.

जूनच्या थंडीत एक बाई आल्या.
"मी बेन्तान्कोरची बायको," म्हणाल्या.
'होते' म्हणाल्या नाहीत.
वर्तमानपत्रात बांधलेलं पुस्तक सोडलं,
मी पान उघडलं,
आणि एवढ्या गारठ्यात माझे कान तापले.

"हे ठेवा. मला बरोबर असलेलं द्या.
छत्तीस वर्षं हे कपाटात होतं,
जेवायला तो कपाटाकडे पाठ करून बसायचा.
दुसरं आणू म्हटलं, तर दुकानात जायला लाजायचा."

मी दुसरं दिलं.
वर त्यांचं नाणंही परत केलं, मोठ्या मनाने.
खरी किंमत सांगितली मी, नाही असं नाही,
पण त्या कोपऱ्यावर पोचल्यावर,
आणि हळू.

त्यांचा पत्ता माझ्याकडे नाही.
शोधला तर सापडेल, बेन्तान्कोर काही ढिगाने नाहीत या गल्ल्यांत.
शोधला नाही.

काल एकाने भिंगातून पाहिलं,
"काय सुरेख चूक आहे!" म्हणाला, पाकीट काढलं.
विकायचं नाही, मी म्हटलं,
आणि माझं मलाच नवल वाटलं.

तो गेल्यावर पान बघत बसलो.
एने म्हणजे पालथं छप्पर.
ऊ म्हणजे वाटी.
जुळाऱ्याला हे सुचलं असेल? छे.
हात चुकला, इतकंच.

तरी अंडं ठेवायचंच झालं,
तर मी पहिल्या आवृत्तीत ठेवीन.