एकच मोजा

ग्लेनिस म्हणाली, आज फक्त एक मोजा वाळत घाल.
फिजिओ ती. हातांना कायम संत्र्याचा वास.

चौदा आठवडे. विषाणू गेला,
जाताना बोटांची नावं उलटसुलट करून गेला.
अंगठा म्हणावं, तर करंगळी हलायची.

मागच्या अंगणात दोरी. हॅलिफॅक्सचं ऊन,
उसनं दिल्यासारखं.
चिमटा उघडला, मिटला, उघडला –
मोजा फरशीवर.

ग्लेनिस वाकली नाही.
खिशात हात घालून ढग बघत राहिली, लबाड.

मग मीच. भिंत धरून,
गुडघ्यांची मनधरणी करत खाली.
वर यायला किती वेळ लागला
ते सांगत नाही.

संध्याकाळी श्रीरंग तो काढायला गेला.
राहू दे, म्हटलं.
अगं, वाळलाय.
असू दे.