ओला पुठ्ठा

बाटल्या भरल्याच्या तेराव्या दिवशी पहिली उघडली
आणि नाकात शिरला ओला पुठ्ठा.
रात्रभर अंगणात भिजलेलं खोकं असतं ना,
तसा.
रंगही जर्दाळूचा सोडून
कालच्या चहाकडे झुकलेला.

पलीकडून हूहाना आली.
बत्तीस हंगाम तिने रिवाकाच्या भट्टीवर हॉप्स वाळवले,
मूठ हुंगून सांगायची, अजून दोन तास.
तिने ग्लास फिरवला, नाक आत घातलं
आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

मी म्हटलं, पाणी असेल. नळाला क्लोरीन येतं.
"मग औषधाच्या पट्टीचा वास आला असता,
गुडघा फुटलेल्या पोराचा."
यीस्ट? घाईने थंड केली असेन.
"जिभेला लोणी लागलं असतं."
त्या दिवशी गॅस मंद होता, झाकण ठेवून उकळली...
"मग उकडलेला मका."
हॉप्सच जुने असतील.
"जुन्यांना चीजचा वास येतो. मोज्यांचा.
आणि हॉप्स मी दिलेत तुला, आयव्हर."
ते प्रकरण तिथेच मिटलं.

मग तिने वही मागितली.
सतरा मार्च. वीस लिटर. तापमान एकोणीस.
चौथ्या दिवशी हॉप्स, दोनशे ग्रॅम.
खाली माझ्याच अक्षरात: पाहिलं.
पाचव्या दिवशी: पाहिलं, फेस छान.
सहाव्या, पहाटे दोन वाजता: पाहिलं.
सातव्या दिवशी दोनदा.
नवव्या दिवशी मी आकडे लिहायचे सोडून
नुसत्या रेघा ओढल्या होत्या.

तिचं बोट रेघांवरून चालत गेलं,
शेवटच्या रेघेवर थांबलं.
"वास हवेवर गेला," ती म्हणाली,
"आणि हवा तू आणलीस."

काय सांगणार?
एकवीस वर्षं नेल्सनच्या बंदरावर, शीतगृहात,
दर दोन तासांनी दार उघडून आत पाहायचं
आणि वहीत लिहायचं, पाहिलं,
याचेच पैसे मिळत होते मला.
रात्रपाळी सुटली.
डोळे अजून दोनला उघडतात.

अडतीस बाटल्या उरल्या.
कोबीच्या वाफ्यात बशा भरून ठेवतो,
गोगलगायी तक्रार करत नाहीत.

नवा घाणा घातला तेव्हा हूहानाने
झाकणावर निळी चिकटपट्टी लावली, आडवी,
आणि वर सही केली, लांबलचक, बँकेत करतात तशी.

काल पहाटे दोन.
गॅरेजमध्ये खुर्ची घेऊन बसलो,
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.
नळीतून एक बुडबुडा आला.
बऱ्याच वेळाने दुसरा.
वहीत लिहिलं: ऐकलं.

पट्टीचं उजवं टोक जरासं सुटलं होतं.
ते नखाने दाबून बसवलं
आणि दिवा घालवला.