साडेसोळा किलोमीटर

हस्त नक्षत्र. फैजपूर. कॉलेजची गच्ची.
सुपडू बोरोले दोन्ही हातांनी फुगा धरून उभा,
मी यंत्राची गाठ तपासते.
खाली त्याच्या अंगणात वांगी भाजताहेत
कपाशीच्या काड्यांवर,
हंगाम नसताना. लेक आलीय माहेराला.

सातपुड्याच्या अंगाला ढग वाढतच चाललाय.
माथा पसरतो, सपाट, लोहाराची ऐरण.
वर छत आहे; ढगानं तिथवरच जायचं असतं.
पण मधोमध एक टेंगूळ येतं,
छत फोडून डोकावतं,
बुडतं.

"फुटला का, ताई?"
नाही अजून.
उणे ऐंशी. उणे ब्याऐंशी.
मग पारा उलटा फिरतो, चढू लागतो.
इथून पुढं ढगांचं राज्य नाही,
हाडासारखी कोरडी हवा,
आणि तिथंच आकडा ओल दाखवतो.

दोनदा तपासलं. ओलच.

पाणी रातोरात परत आलं,
सावद्याच्या रस्त्यावर केळी आडव्या झाल्या,
ट्रान्सफॉर्मर गेला.
वर निसटली ती हवा मात्र आली नाही.
तिला धुऊन खाली आणायला तिथं पाऊस नाही.
वर्षभर फिरेल, कदाचित दोन,
काड्यांचा धूर, विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा भपका,
आमच्या दोघांचे उच्छ्वास घेऊन.

टॉर्चच्या उजेडात शेरा लिहिला:
साडेसोळावर ओल. आली खालून.

सुपडूनं वाकून वाचलं.
"खालून म्हंजे कुठून?"
मी पेनाचं टोपण शोधत राहिले.
"चला ताई," तो म्हणाला,
"भरीत निवी राह्यलं."