बाटली उलटी करून पाहणे

वडणगेकर मॅडमच्या सगळ्या संशोधनाचा निकाल
शेवटी एवढ्यावर लागतो :
करंगळीएवढी काचेची बाटली उलटी धरायची
आणि बघायचं, ओघळतंय का.

ओघळलं की माझ्याकडं. धुवायला.
एकोणीस वर्षं सागरमाळावरच्या या इमारतीत
मी लोकांचं ओघळलेलं धुतोय.
जेवताना भाकरीलाही ॲसिटोनचा वास येतो,
बायकोनं आता बोलायचं सोडलंय.

एकदा विचारलं, मॅडम, हे घट्ट करायला काय घालता?
म्हणाल्या, काही नाही. आपलं आपण होतं.
रेणू रेणूला धरतो, सोडतो, परत धरतो,
धरता धरता धागा होतो, धाग्यांचं जाळं,
आणि जाळ्यात पाणी अडकून बसतं.
शंभरात नव्याण्णव भाग पाणी. माल एकच भाग.
हे आमच्या गवळ्याला सांगू नका, म्हटलं.
हसल्या. मग लगेच वहीत डोकं.

माझा चुलता शियेच्या गुऱ्हाळावर गुळव्या.
भेंडीच्या पाण्यानं मळी वर आणायचा,
उकळत्या रसाचा थेंब गार पाण्यात सोडायचा,
बोटांत गोळी फिरवायचा
आणि म्हणायचा, उतरा काहील.
त्या एका शब्दावर आठ माणसं धावायची.
मॅडमनी विचारलं, किती तापमानाला?
मी काय सांगू. बोटं त्याच्याबरोबर गेली.

बाटल्यांवर नाव : टीव्ही एक, टीव्ही दोन.
तेजस्विनी वडणगेकर, म्हणून टीव्ही.
अकरावीचे खडे झाले, साखरेसारखे.
एकतिसावी दुधाळली आणि तशीच राहिली.
चाळिसावी पाच मिनिटं टिकली, आम्ही दोघांनी मोजली,
सहाव्या मिनिटाला टोपणात उतरली.

फोनवर बेंगळुरूच्या सरांना त्या म्हणतात, 'मी पाठवते',
घरी आईला, 'मी येतो गं, भात लाव'.
शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतल्या त्या. आमच्याच बोलीच्या.

पुराच्या साली जयंती नाल्यातनं पाणी उलटं फिरलं.
गल्लीत छातीएवढं.
रंगवायचे राहिलेले दोनशे गणपती, शाडूचे,
उभ्या जागी खचले.
मॅडम बारा दिवस आल्या नाहीत.
जाताना म्हणाल्या होत्या, सेहेचाळीसपर्यंतच्या सगळ्या धुऊन टाका.
मी तेव्हा शाळेत पूरग्रस्तांना आमटी वाढत होतो,
राहून गेलं.
खरं सांगायचं तर विसरलो.

तेराव्या दिवशी आल्या, पोटऱ्यांवर चिखलानं उठलेले फोड.
धुळीतली सेहेचाळीस उचलली, सवयीनं उलटी केली
आणि तशीच धरून उभ्या राहिल्या.
मग गदागदा हलवली. पाणी झालं!
अवो, म्हणून मी ओरडलोच.
थांबा मामा, म्हणाल्या, बाटली टेबलावर ठेवली
आणि चक्क डबा उघडला.
दुसरी चपाती संपेतो
ते परत घट्ट.

पुढं महिन्यानं त्यांच्या वडिलांना भेटलो.
खचलेल्या गणपतींची माती वाळवून, चाळून
म्हातारा पायानं परत मळत होता.
मी हौसेनं सगळं सांगितलं,
मोडलं तरी ते आपलं आपण जमतं म्हणून.
पाय न थांबवता तो म्हणाला,
आपलं आपण? मग मी काय करतोय हितं?
हे मॅडमना मी अजून सांगितलेलं नाही.

ती बाटली खिडकीजवळ असते, उलटीच.
सोमवारी सगळं पुसतो, ती न हलवता पुसतो.
वर मॅडमच्या अक्षरात चिठ्ठी : धुवू नये.
एकोणीस वर्षांत असं कुणी लिहिलेलं
मला तरी आठवत नाही.